तिने न उचललेला भंडारा

माझ्या कादंबरीतली राणी लोकांच्या सावल्या गोळा करते. जो तिच्यापुढे वाकेल त्याची सावली तिच्या सावलीत जमा होते, आणि राज्य सोडायची वेळ येते तोवर तिची एकटीची सावली सात डोंगरांवर पसरलेली असते. मुलांना हे फार आवडलं. शाळाशाळांतून मला बोलावणी आली, एका संमेलनात शाल-श्रीफळ मिळालं, आणि प्रत्येक ठिकाणी एखादं चुणचुणीत पोर उठून विचारायचं, "सर, राणी सुचली कशी?" मी गालातल्या गालात हसून सांगायचो, "कल्पनाशक्ती." हे धादांत खोटं होतं. राणी मला सुचली नव्हती. ती आमच्या घरात राहत होती, चुलीपुढे बसून माझ्यासाठी भाकऱ्या थापत आली होती, आणि मी तिला वहिनी म्हणत होतो.

आमचं गाव श्रीगोंदा तालुक्यातलं, काष्टीच्या बाजाराला जायच्या रस्त्यावरचं. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी चौथीत होतो. ती स्वतः सातवीपर्यंत शिकलेली, पण माझ्या शाळेचं तिला भारी कौतुक. पुढे मी श्रीगोंद्याला कॉलेजात गेलो तेव्हा ती रोज सकाळच्या एसटीत कंडक्टरच्या हाती माझा डबा द्यायची. तीन वर्षांत डबा चुकला नाही. डब्यात कधी चटणीची पुडी जास्तीची असायची, खोलीवरच्या पोरांसाठी. तो कंडक्टर मला म्हणायचा, "तुझी वैनी लई खमकी हाय. गाडी निघाली तरी पुढं येऊन हात करती." मला तेव्हा लाज वाटायची. कशाची, ते आता सांगता येत नाही, पण वाटायची एवढं खरं.

मी शिक्षक झालो, श्रीगोंद्यात घर केलं, आणि सुट्टीपुरता गावाकडे येत राहिलो. अशाच एका दिवाळीनंतर गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव झालं. आमच्या पॅनेलचे सदस्य बहुमतात निवडून आले, पण सरपंचपदाला बायका दोन निघाल्या. एक वहिनी, दुसरी वरच्या आळीतल्या एका वजनदार माणसाची बायको. हा माणूस आमच्या शाळेच्या संस्थेत संचालक होता, म्हणून मी त्याला इथेही संचालकच म्हणतो. शेवटी नेहमीचा तोडगा निघाला. पहिली अडीच वर्षं वहिनी, पुढची अडीच संचालकांची बायको, आणि शब्द पक्का राहावा म्हणून खंडोबापुढे बेलभंडारा उचलायचा.

आमच्याकडे कागदावरची सही फिरते, पण बेलभंडारा फिरत नाही. तळहातावर बेलाचं पान, त्यावर देवाची हळद, आणि देवासमोर शब्द. एकदा उचलला की संपलं. त्या दिवशी देवळात झाडून सगळे पुरुष होते. ज्या दोघींना सरपंच व्हायचं होतं त्या आपापल्या घरी पॅनेलच्या लोकांसाठी चहा उकळत होत्या. त्यांना बोलवावं हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही, माझ्याही नाही. दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, पुढे व्हायचा तर तो देवाच्या बाबतीत भलता भित्रा. पान हातात घ्यायच्या आधीच त्याला घाम फुटला. मग कुणीतरी म्हणालं, "सर हायेत की. सरच उचलतील वैनीच्या वतीनं." मी पुढे झालो आणि उचलला. माझा कुठे विश्वास होता? विज्ञानाचा शिक्षक मी. हळद ती हळद. गुरवाने सांगितलं तसं म्हणालो, हात पंच्याच्या कोपऱ्याला पुसला आणि घरी येऊन वहिनीच्या हातचा चहा प्यालो.

ती म्हणाली, "माझ्या नावानं उचलला?"

"अगं, एक रीत असते," मी म्हणालो.

"मला इचारायचं तरी, भाऊजी." एवढंच बोलून ती कपबशा घेऊन आत गेली.

पहिले काही महिने सगळं रिवाजाप्रमाणे चाललं. दादा पंचायतीत जाऊन बसायचा, कागद घरी यायचे, वहिनी पिठाचे हात पुसून सही करायची. मग एक दिवस दादा तापाने पडला आणि ग्रामसेवकाला सही तातडीने हवी होती, म्हणून ती स्वतः पंचायतीत गेली. त्या दिवसापासून ती रोज जायला लागली. खुर्चीची नायलॉनची पट्टी टोचायची म्हणून घरून एक हिरवा टॉवेल नेला आणि खुर्चीवर पसरला. ठराव वाचून दाखवा म्हणायची, आणि नाही कळला तर पुन्हा वाचा म्हणायची. सरपंचाचा नवरा म्हणून दादाला मिळणारा चहा बंद झाला, त्याचं त्याला बरेच दिवस वाईट वाटत होतं.

ती काही देवी नव्हती. वरच्या आळीतली एक बाई तिला नळावर टोचून बोलली, तर त्या आळीचा खांबावरचा दिवा तीन महिने दुरुस्त झाला नाही. ग्रामसभेत आवाज चढवायची. कुणी "वैनी" म्हटलं की "सरपंच म्हना" असं सगळ्यांदेखत सांगायची. लोक हसायचे, पण म्हणायचे. मी सुट्टीत गेलो की माझ्यासाठी भाकरी करताना सगळं सांगत बसायची. एसटीच्या थांब्याजवळ बायकांसाठी मुतारी बांधायचं तिच्या मनात होतं, कारण बाजाराच्या दिवशी बायका बाभळीत जायच्या आणि पोरं शिट्ट्या मारायची. मी हूं हूं करत जेवायचो. निम्मं ऐकलेलं नसायचं.

अडीच वर्षं झाली आणि तिने राजीनामा दिला नाही.

दादाने समजावलं, मी समजावलं. ती म्हणाली, "शब्द कुनी दिला? मी दिला? मी तर देवळाची पायरीबी चढले न्हवते त्या दिवशी. ज्यानं दिला त्यानं पाळावा." मला तो कांगावा वाटला. खरं सांगायचं तर त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

अविश्वास ठरावाच्या आधी संचालकांनी खंडोबाच्या देवळात बैठक बोलावली. निम्मं गाव जमलं होतं. वहिनीही आली होती, खांबाजवळ पदर घेऊन उभी. संचालक तिच्याकडे बोट करून म्हणाले, "ह्या बाईनं देवाचा भंडारा मोडला." वहिनी त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघायला लागली. तिची नजर काय मागत होती हे मला लख्ख कळत होतं. तिला माझ्याकडून एकच वाक्य हवं होतं, की भंडारा हिने उचलला नाही, मी उचलला. आणि उचलताना हिला विचारलंही नव्हतं. देवळात त्या दिवशी असलेल्यांपैकी पाचसात जण हजर होते, पण ते सगळे संचालकांच्या बाजूचे. दादा तिचा नवरा, त्याचं कुणी धरलं नसतं. बोलू शकणारा मीच होतो.

त्या वर्षी आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांची निवृत्ती होती. ज्येष्ठतेत आम्ही दोघे होतो, आणि कुणाला बसवायचं हे संस्था ठरवणार होती. मला ती खुर्ची हवी होती. वीस वर्षं दुसऱ्यांच्या सूचनांवर "वाचली" म्हणून सही केली होती. आपल्या सूचनेवर दुसऱ्यांनी सही करावी असं मला रात्रंदिवस वाटायचं. मी घड्याळाकडे बघितलं. मग पायांकडे बघितलं. बैठक संपली तेव्हा संचालक म्हणाले, "चला सर, श्रीगोंद्यापर्यंत सोडतो." मी त्यांच्या गाडीत पुढे बसून गेलो. वहिनी खांबाजवळच उभी होती.

सदस्यांना जीपमध्ये घालून तीन दिवस देवदर्शनाला फिरवून आणलं आणि थेट मतदानाला उतरवलं. वहिनीचं पद गेलं. हिरवा टॉवेल तिने घडी घालून घरी आणला. मुतारीच्या भिंती कमरेएवढ्या झाल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. आता त्यात कुणीतरी कडबा रचतं. पुढच्या जूनमध्ये मी मुख्याध्यापक झालो आणि चार वर्षांनी त्याच खुर्चीवरून निवृत्त झालो. वहिनीने माझ्या सत्काराला लाडू करून पाठवले होते. देवाशपथ सांगतो, ते लाडू मी खाल्ले आणि मला काहीही वाटलं नाही.

पद जाण्यापेक्षा वाईट एक गोष्ट झाली, आणि ती पुरुषांच्या लक्षातही आली नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वरच्या आळीतल्या बायका वहिनीच्या हातची हळद लावून घेईनात. जिने देवाची हळद मोडली तिच्या हातची हळद कशी चालेल, असं म्हणणं. मग इतर आळ्यांतल्याही काही जणी टाळायला लागल्या. ज्या बाईचं माहेर, सासर, सगळं आयुष्य ह्या हळदीच्या बोटावर चाललेलं, तिला ते किती लागलं असेल? तिने मला कधी सांगितलं नाही. माझ्या बायकोने सांगितलं, आणि मी म्हणालो, "अंधश्रद्धा आहे सगळी. चार वर्षांत विसरतील."

आणि खरोखर विसरायला लागले होते. एकेक बाई पुन्हा यायला लागली होती. तेवढ्यात निवृत्त मुख्याध्यापकाला लेखक व्हायची हुक्की आली.

मला मुलांसाठी अद्भुतकथा लिहायची होती, आणि अद्भुतकथेला सत्तेसाठी हपापलेलं कुणीतरी लागतं. लिहायला बसलो आणि राणी आयती समोर आली. सिंहासनावर हिरव्या सापाची कात पसरणारी, "महाराणी म्हणा" असं दरबारात दटावणारी. मी पहिला खर्डा पुण्याला पाठवला. संपादिकाबाईंनी तो परत केला. म्हणाल्या, राणीला सत्ता का हवी आहे तेच कळत नाही. नुसती हाव असून भागत नाही, हावेला मूळ लागतं. मग मी तिला मूळ दिलं. लहानपणी राजवाड्याच्या मुदपाकखान्यात तिचा अपमान झालेला, उष्टी ताटं तिच्या अंगावर फेकलेली, आणि तेव्हापासून तिने मनात खूणगाठ बांधलेली. हे जमलं म्हणून हुरूप आला आणि मी शपथेचा प्रसंग लिहिला. बारा पावसाळे राज्य करून गादी दुसऱ्या घराण्याला देईन, असं म्हणत राणी भर देवळात स्वतःच्या दोन्ही हातांनी हळद उचलते, आणि उचलतानाच तिच्या मनात ती मोडायची असते. सगळे म्हणतात की पुस्तकातला सर्वांत चांगला प्रसंग तोच. एका बैठकीत लिहून झाला होता. लिहिताना मला आमचं देऊळ आठवलं नाही, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला बजावत राहिलो. आठवलं होतं. माझ्याच तळहातावरची हळद मी उचलून तिच्या हातावर ठेवली, आणि मला हलकं वाटलं.

पुस्तक गावच्या शाळेत पोचलं. गावाला राणी ओळखायला दोन पानं पुरली. पोरी वहिनीला बघून "महारानी आली, सावल्या सांभाळा" म्हणायला लागल्या. आणि हळदीचं ते जुनं प्रकरण पुन्हा निघालं, ह्या वेळी छापील पुराव्यासकट.

मला हे कळायला वर्ष लागलं. दादाने फोनवर कधी नव्हे तो आवाज चढवला, "पुस्तक लिवलंस ते लिवलंस, हितं येऊन बघ तरी काय झालंय." मी गेलो. वहिनी ओसरीवर बसली होती, गुडघे धरलेले, मांडीवर माझं पुस्तक. ओळीखाली बोट ठेवून वाचत होती. शेवटच्या काही पानांवर आली होती. मी जवळ बसलो तरी तिने वाचन थांबवलं नाही. पान पुरं केलं आणि मग चष्मा काढला.

"भाऊजी, ही रानी गादीसाठी एवढं करती. मंग गादी मिळाल्यावर दिवसभर करती काय? ते कुटंच लिवलेलं न्हाई."

मी काहीतरी पुटपुटलो. अद्भुतकथेत तसं नसतं, असलं काहीतरी.

"अन् हिला ल्हानपनी कुनी हिडीसफिडीस केलं म्हनून गादी पायजे? मला कुनी काय केलं न्हवतं. मला ती खुर्ची आवडायची. लोक यायचे, इचारायचे, मी सांगायचे, अन् मी सांगितलं तसं व्हायचं. जल्मात कुनी इचारलं न्हवतं मला काय. भाजीला काय करू, एवढंसुदिक मीच इचारायचे दुसऱ्याला. ती सोडू वाटंना मला. एवढंच हुतं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "वहिनी, चुकलो मी. बैठकीतच बोलायला हवं होतं."

"व्हय," ती म्हणाली, "तवा बोलायला पायजे हुतं."

"आता बोलतो. चंपाषष्ठीला देवळात सगळ्यांपुढे सांगतो."

तिने नको म्हणून मान हलवली, पण तिच्या चेहऱ्यावर आशा दिसली. आजही ती आठवली की मला माझा राग येतो, कारण तेवढी आशा मीच तिला लावली.

चंपाषष्ठीला गावात भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. दुपारी आरती झाली, भंडारा उधळून झाला, सगळे पंगतीला बसायच्या बेतात होते. मी गुरवाला विचारून गाभाऱ्यापुढे उभा राहिलो. म्हणालो, "त्या दिवशी बेलभंडारा वहिनीने उचलला नव्हता. मी उचलला होता. तिला विचारलंही नव्हतं. मोडला असेल तर माझा शब्द मोडलाय, आणि दोष काय तो मला लागायला हवा." माझ्यासारख्या नास्तिकाला देवापुढे बोलताना घाम फुटला.

कुणी ओरडलं नाही, कुणी रागावलं नाही. संचालक आता थकले आहेत, भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी डोळे मिटून घेतले. त्या दिवशी देवळात असलेले दोघेतिघे पत्रावळी वाटायला लागले. म्हातारा गुरव तेवढा माझ्याजवळ आला. त्याला दिसत कमी, आठवतही कमी. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सर, मन मोठं हाय तुमचं. भावजयीसाठी पाप आपल्या अंगावर घेताय. पन तुमीच तर पुस्तकात लिवलंय, तिनं दोनी हातांनी उचलला म्हनून. शिकलेला मानूस छापून खोटं लिवंल व्हय?"

मागे बायकांत कुणीतरी म्हणालं, "तवा खरं लिवलं, आता घरचं मानूस म्हनून झाकायलेत." आणि पंगत बसली. मी सांगत राहिलो, ते सगळं कल्पनेतलं आहे, राजवाडा आहे त्यात, सावल्या गोळा करणारी बाई आहे. एक तरुण मास्तर, माझाच विद्यार्थी, समजावणीच्या सुरात म्हणाला, "सर, तुम्हीच शिकवलंत ना, कथेच्या पोटात सत्य असतं." मी रोडगा पानावर तसाच ठेवून उठलो.

यंदाच्या संक्रांतीला मी मुद्दाम बायकोला घेऊन गावाकडे गेलो. वहिनीने ओसरी सारवून घेतली होती, तिळगुळाचं ताट, वाणाच्या वाट्या, हळदीकुंकवाचा करंडा, सगळं मांडून बसली होती. खालच्या आळीतल्या दोघी आल्या. माझ्या बायकोने लावून घेतली. बाकी कुणी फिरकलं नाही. उन्हं उतरली तशी वहिनीने उरलेल्या वाट्या एकात एक घातल्या, करंड्याचं झाकण लावलं. मी दाराशी उभा होतो.

"भाऊजी," ती म्हणाली, "आमच्या पोरीची पोरगी आली हुती दिवाळीत. तिला तुमची रानी तोंडपाठ हाय. शपथेचं तर सगळं घडाघडा म्हनून दाखवलं मला. तिला ठावं न्हाई ती मी हाय म्हनून."

"तू सांगितलं नाहीस?"

"कशाला? मी जाईन आज ना उद्या. रानी काय जायची न्हाई आता." तिने करंडा उचलून मांडीवर घेतला. "लईच चांगली लिवलीय तुमी ती. मला वाचताना वाटायचं, व्हय, हिनंच उचलला आसंल."

माझ्या लिहिण्याला मिळालेली ह्याच्याइतकी खरी दाद दुसरी नाही. मी तिच्यासमोर तसाच उभा राहिलो, आणि मला मान वर करता आली नाही.